सुकट विकणारा मेवणा

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा दरवर्षी नारळी पौर्णिमा झाली की गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा. निघायच्या आदल्या दिवशी तो मोबाईल माझ्या हातात द्यायचा आणि मी त्यातले माझे सगळे फोटो पुसून टाकायचो. वर्दीतले तर पुसायचोच, पण त्याच्या मुलीच्या लग्नातलेही पुसायचो, कारण तिथंही माझे केस फौजी कापलेले. मग त्याचं पाकीट उलटं करून बघायचो. मग त्याला समोर बसवायचो.

"मेवणा काय करतो?"

"सुकट इकतो."

"कुठं?"

"बोयसरच्या बाजारात. आनि वजनात मारतो."

शेवटचं वाक्य दर वर्षी तो स्वतःच्या पदरचं घालायचा. बाय, म्हणजे माझी बहीण, आतून हसायची. मला राग यायचा, कारण मी थट्टा करत नव्हतो.

आमचं गाव तारापूरच्या किनाऱ्यावर. जवळच्या पाण्यात मासळी राहिली नाही म्हणून आमची आणि आतल्या डोंगरगावांची माणसं गुजरातच्या बोटींवर जातात. त्या बोटी मासळीमागे लांब जातात, आणि कधीतरी पाकिस्तानची गस्तीबोट त्यांना धरते. धरलेला खलाशी वर्ष, दोन वर्षं, कधी जास्त आत राहतो आणि मग यादीत नाव येऊन सुटतो. खलाशी आहे तोवर सुटतो. घरात कोणी फौजेत आहे असं कळलं, की त्यांच्या लेखी तो खलाशी राहत नाही. सतरा वर्षं मी फौजेत काढली, त्यातली निम्मी हद्दीवर. पकडलेल्या माणसाच्या खिशात काय शोधतात ते मला चांगलं ठाऊक होतं.

एका वर्षी भावजींना, म्हणजे बायच्या नवऱ्याला, धरलं तेव्हा त्यांच्यासोबत बोटीवर आणखी सहा जण होते. पहिलं पत्र यायला सात महिने लागले. तिथली पत्रं वाचूनच पुढे सोडतात, म्हणून त्यात नुसती तब्येत, देवाची कृपा आणि पोरांना शिकवा एवढंच असायचं. पण शेवटी एक ओळ हमखास: "मेवण्याचा सुकटीचा धंदा कसा चाललाय? वजन बरोबर देतो का?" ती ओळ वाचून बाय पदर तोंडाला लावायची. हसते की रडते ते मी बघायचो नाही. भावजी सांगितलेलं धरून आहेत एवढं मला त्यातून कळायचं.

अडीच वर्षांनी सुटकेच्या यादीत त्यांचं नाव असल्याचा निरोप आला. बायनं घर सारवून घेतलं. आणि त्याच महिन्यात हद्दीवर तणाव वाढला, यादी जिथं होती तिथंच अडकली.

ते दिवस आठवले तरी डोकं फिरतं. मी बोयसरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर आहे. केबिनमधला टीव्ही दिवसभर चालू. स्टुडिओत रणगाडे फिरत होते, विमानं पडत होती, निवेदक घसा ताणून शहरं जिंकत होता. दुपारी जिंकलेलं शहर संध्याकाळी गायब, आणि त्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नव्हतं. फौजेत खबर द्यायची रीत असते. स्वतः पाहिलं तर पाहिलं म्हण, ऐकलं तर ऐकलं म्हण, ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हण. नवीन असताना एकदा मी ऐकलेलं पाहिलं म्हणून सांगितलं, तर सुभेदारसाहेबांनी मला पाठीवर पिठ्ठू लादून भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. या निवेदकांना कोणी फेऱ्या मारायला लावत नाही.

हे सगळं कळत असूनही मी काय केलं ते आता सांगतो.

तारापूरला अणुवीजकेंद्र आहे म्हणून आमच्याकडे हल्ला झाला तर काय करायचं याची मॉक ड्रिल झाली. ती दाखवायला एका वाहिनीचा वार्ताहर आला. पोरगा तसा नम्र होता. गेटवरच्या कोणीतरी त्याला सांगितलं, आमचे साहेब फौजी आहेत. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमच्यासारख्यांना लोकांनी ऐकायला हवं. घरी येऊ का?"

नऊ वर्षं मी ट्रकांचे नंबर टिपतोय. नऊ वर्षांत मला कोणी ऐकायला हवं असं कोणाला वाटलं नव्हतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. घरी जाऊन मी पेटीतून ब्लेझर काढला, त्यावर पदकं लावली, आणि वर्दीतल्या फोटोखाली खुर्ची मांडून बसलो.

मी त्याला खऱ्या गोष्टी सांगितल्या. लढाई म्हणजे बहुतेक वेळ पाणी वाहणं आणि वाट बघणं. एकदा त्यांच्या एका जवानाचं प्रेत आमच्या बाजूला राहिलं होतं, ते आम्ही स्वच्छ करून, ब्लँकेटात गुंडाळून परत दिलं, आणि घ्यायला आलेल्या त्यांच्या सुभेदारानं आम्हाला सॅल्यूट केला. वार्ताहर मान हलवत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आज आदेश आला तर?" मी म्हणालो, "आदेश आला तर आजही जाईन." कुठलाही फौजी हेच म्हणेल.

तेवढ्यात बाय चहा घेऊन आली; भावजींना धरल्यापासून ती माझ्याकडेच राहायची. या कोण, म्हणून त्यानं विचारलं, आणि मी सांगून टाकलं. माझी बहीण, तिचा नवरा तिकडच्या तुरुंगात आहे, अडीच वर्षं झाली, यादीत नाव आहे, हे सगळं एका दमात. मला वाटलं, दिल्लीत कोणीतरी ऐकेल. बायनं माझ्याकडे एकदा पाहिलं. पण भाऊ शिकलेला, जग पाहिलेला, त्याला कळत असणार असं तिला वाटलं, असं नंतर ती म्हणाली. तिनं आतून भावजींचा फोटो आणून दिला. कॅमेऱ्यासमोर पदर सारखा करून ती म्हणाली, "त्याला घरी सोडा. गरीब मानूस हाय, मासं मारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलताना बिहारचा एक कामगार मोबाईल पुढे करत म्हणाला, "साब, आप तो छा गए." पडद्यावर मी होतो, पदकांसह. प्रेताची गोष्ट नव्हती, पाणी वाहणं नव्हतं. "आजही जाईन" हे तीनदा होतं, मागे ढोल. मग भावजींचा फोटो, भोवती लाल वर्तुळ, नाव, गाव, आणि खाली पट्टी: शत्रूच्या तुरुंगात भारतीय जवानाचे भावजी. मग पदर सारखा करणारी बाय. "गरीब मानूस हाय" हे कापलेलं.

मी केबिनमध्ये बसून वार्ताहराला फोन लावला. तो खुशीत होता. काढून टाक म्हटलं, तर म्हणाला, "काका, ते आता माझ्या हातात नाही. बाकीच्यांनीही उचललंय." कालचा 'सर' आज 'काका' झाला होता. मी त्याला खूप शिव्या दिल्या. पण खुर्ची मीच मांडली होती, हे शिव्या देतानाही मला कळत होतं.

तणाव निवळला. सहा-सात महिन्यांनी यादी हलली. बोटीवरच्या सातांपैकी सहा सुटले.

त्यातला एक खलाशी मनोरच्या पुढच्या पाड्यातला. तो घरी पोचल्याचं कळलं तसं मी बायला मोटरसायकलवर बसवून तिकडे गेलो. माणूस अंगणात खाटेवर बसला होता, अंगावर हाडं तेवढी राहिलेली. त्याच्या बायकोनं आम्हाला पाणी दिलं. त्यानं बायकडे बघितलंच नाही, सगळं माझ्या बुटांकडे बघत सांगितलं.

"यक दिवस त्यांचा सायेब आला. मोबाइल दाखवला. बोलला, हा तुजा मेवना हाय का? तो बोलला, नाय, माजा मेवना सुकट इकतो. दोनदा इचारला, दोनदा तेच बोलला. सायबाला खरा वाटला आसता. मंग त्या मोबाइलात बायको आली त्याची. अडीच वर्सानी दिसली ना. तवा रडला तो. मंग त्याला नेला."

"कुठं?" बायनं विचारलं.

"म्हाईत नाय, बाई. नंतर त्याची चादर पन नेली. मंग काय कळला नाय."

परतताना बेटेगावच्या अलीकडे बाय म्हणाली, गाडी थांबव. रस्त्याकडेला मोरीच्या कठड्यावर ती बसली. कंपनीच्या बसेस धूळ उडवत जात होत्या. मला वाटलं आता ही मला बोलेल, आणि तिनं बोलावं अशी माझी इच्छा होती. तिनं वेगळंच विचारलं.

"तू पन तेच काम केलास ना तिकडं. तुज्या हाताला असा कोन लागला आसता, त तू काय केला आसतास? सोडला आसतास?"

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. पण त्या वार्ताहरासमोर माझ्याकडून फार बोलून झालं होतं, आता निदान तिच्याशी तरी पाहिलं ते पाहिलं म्हणायला हवं होतं.

मी तिला सांगितलं. असा एक लागला होता. मेंढपाळ, चाळिशीचा, मेंढरामागे आमच्या बाजूला आलेला. खिशात वर्दीतल्या माणसाचा फोटो. म्हणाला, भाऊ आहे, त्यांच्या फौजेत स्वयंपाकी आहे. मी त्याला मारलं नाही. रोटी दिली, माझा चहा दिला. तो खरं बोलतोय हे मला दिसत होतं. आणि रिपोर्ट मी माझ्या हातानं लिहिला: भाऊ सैन्यात, संशयित. चौथ्या दिवशी गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. जाताना त्यानं मेंढरांचं काय होईल असं विचारलं. नंतर टीव्हीवर सांगितलं, मोठा हेर पकडला. आम्ही बराकीत बसून बघत होतो आणि पोट धरून हसलो होतो.

"मंग सुटला तो?"

"ठाऊक नाही."

"इचारला नायस?"

"नाही विचारलं."

बाय उठली, साडीची धूळ झटकली आणि गाडीवर माझ्यामागे येऊन बसली. मी किक मारणार, तेवढ्यात ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त्याच्या बायकोनं कोनाला इचारला आसल?"

नेहमी ती माझ्या खांद्याला धरून बसते. त्या दिवशी तिनं मागची लोखंडी कडी धरली होती.