बंदच्या दिवशी सीट मिळते

स्वस्तात मिळतंय म्हटलं की माझी अक्कल गहाण पडते. पडायची, म्हणायला हवं. त्या दिवसानंतर मी तसलं तिकीट हातात धरलेलं नाही.

मी विमान कंपनीत चेक-इनच्या काउंटरवर होते. आम्हाला आणि आमच्या आईवडिलांना अगदी थोड्या पैशांत तिकीट मिळायचं, आमच्या विमानांवर आणि आमच्याशी करार असलेल्या परक्या कंपन्यांवरही. अट एकच: पूर्ण पैसे भरलेले सगळे बसले आणि जागा उरली, तर तुम्ही. परक्या कंपनीत तर आधी त्यांची माणसं, मग आम्ही, शेपटाला. तिकीट हातात असूनही देव पाण्यात घालून बसायचं.

ताई मस्कतला होती. दोनदा मूल पोटातच गेलं होतं, हे तिसरं. भाऊजी जहाजावर. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलेलं. फोनवर एकच धोशा, "आईला पाठव गं, मला एकटीला भीती वाटते." आईचा व्हिसा आला, बॅग भरली, पण मस्कतला जायची ती परक्या कंपनीची विमानं, रोज खच्चून भरलेली. दोनदा आईला घेऊन गेले नि दोनदा परत आणली. आई म्हणाली, "सरळ पुरं तिकीट काढ की." मी म्हटलं, "वेडी का काय? एअरलाइनवाल्यांच्या घरात कुणी तिकीट विकत घेतं होय?"

राज्याचे दोन तुकडे होणार, नाही होणार, अशी ती वर्षं. आमचं घर हैदराबादेत तारनाक्याला, आंदोलन पेटलेल्या विद्यापीठाच्या कुशीत. अश्रुधुराचा वास आला की आम्ही कांदा चिरल्यासारखं डोळे पुसून कामाला लागायचो. आणि आमच्या स्टाफमध्ये एक गुपित होतं: बंदच्या दिवशी सीट मिळते. पैसे भरलेला प्रवासी रस्त्यात अडकतो, विमान मात्र उडतं. म्हणून शुक्रवारचा बंद जाहीर झाला तशी मी आईचं नाव शुक्रवारी लावलं. खूश होते मी, लाज वाटते सांगायला.

गाडी मीच चालवत होते. आमच्या स्टाफ बसच्या काचेवर 'एअरपोर्ट ड्यूटी' असा कागद असायचा, तसाच मी गाडीला चिकटवला. बसच्या पुढे पोलिसांची जीप असते, हे डोक्यात आलंच नाही. उप्पलच्या अलीकडे टायर जळत होते. घोळक्यातल्या एकानं कागद वाचला. "बंद के दिन ड्यूटी? क्या रे, ड्यूटी करते?" बॉनेटवर काठी पडली. दुसरी काचेवर. कुणीतरी गाडी हलवायला लागलं. मी काच खाली करून अस्सल हैदराबादी शिव्या हासडल्या. गप्प बसले असते तर? पण गप्प बसणं माझ्या कुंडलीत नाही. दगड आईच्या बाजूनं आला. काच फुटली आणि आई "अगं बाई" म्हणाली, एवढंच. कपाळ भुवईपर्यंत उघडलेलं. मी गियर टाकला आणि माणसांच्या अंगावर गाडी घातली. कुणी मेलं असतं तर मेलं असतं, त्या क्षणी मला काही नव्हतं. ती बाजूला झाली, हे माझं नशीब.

परत जायचा रस्ता तोच, म्हणून पुढेच गेले. पदरानं कपाळ दाबून आई म्हणत होती, "चल, चल, ती वाट बघतेय."

विमानात बावीस जागा रिकाम्या होत्या. बावीस! माझा अंदाज बरोबर ठरला होता.

विमानतळावरच्या डॉक्टरनं सात टाके घातले. काउंटरवरच्या त्या परक्या कंपनीच्या अधिकाऱ्यानं आईच्या रक्ताळलेल्या पातळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "डोक्याला ताजी जखम आहे, मॅडम. प्रवासी पैसे भरलेला असता तर आमच्या डॉक्टरांना विचारून बघितलं असतं. स्टाफ तिकिटावर नाही होत. तुम्हाला नियम माहीत आहे." माहीत होता. हेच वाक्य मी स्वतः दोघातिघांना सुनावलं होतं.

मी काउंटरवरून हात घालून त्याचा टाय धरला आणि थोबाडीत दिली. एक नाही, दोन. सिक्युरिटी धावली. त्यांच्याआधी आईचा हात माझ्या गालावर बसला. बत्तीस वर्षांची होते मी, माझ्याच लोकांसमोर. आई त्याला हात जोडून म्हणाली, "बाळा, माफ कर. मला जाऊ दे." त्यानं मान खाली घातली. विमानाचं दार बंद झालं.

कंपनीनं माझ्या सवलती काढून घेतल्या. मी पुरं तिकीट काढलं, जागा मिळाली ती सोमवारची. ताईच्या कळा शनिवारी पहाटेच सुरू झाल्या.

रविवारी तिचा फोन आला. मुलगा झाला होता, बाळ-बाळंतीण सुखरूप. एकोणीस तास ती तिथे एकटी होती. "नर्सचा हात धरला तर ती सोडवून घ्यायची गं," म्हणाली आणि रडायला लागली. आईनं सगळं ऐकलं, हं हं म्हणाली, फोन ठेवला.

माझा संताप उसळला. मेल्यांचे हात झडोत, म्हटलं, त्या दगड मारणाऱ्यांचं वाटोळं होवो. आई टाक्यांवरची पट्टी चाचपत ऐकत राहिली.

"दगड त्यांनी मारला," ती म्हणाली. "बंदचा दिवस तू निवडलास."