मुकी पेटी

मॅट्रिकनंतर मी संत्र्यांच्या वखारीत छाटणीला लागले, असं सांगितलं की लोकांना वाटतं, नोकरी लागली. कसली नोकरी! रोज सकाळी आम्ही पोरी वखारीच्या दारात उभ्या राहायचो आणि मुनीमजी बोट दाखवायचे. "तू ये. तू ये. तू नको आज." माल कमी आला की 'नको'वाल्या वाढायच्या. मग भरलेला डबा तसाच घेऊन मोहल्ल्यातून परत जायचं, आणि ओट्यावरच्या बाया विचारणार, "काहून वं, आज सुट्टी?" त्या बोटाचा मला इतका राग यायचा, की अजूनही कोणी बोट दाखवून बोललं की माझं डोकं फिरतं.

छाटणी म्हणजे लहान, मध्यम, मोठं फळ वेगळं करायचं. ते बायांचं काम. पेट्या भरायचं काम पुरुषांचं, आणि त्यांना कोणी दारात उभं करत नसे. बहार संपेपर्यंत त्यांची जागा ठरलेली. मला ती जागा हवी होती. मुनीमजींना एकदा तसं म्हणूनही पाहिलं, तर ते हसले.

"बायांच्या हातची पेटी कलकत्त्याले पोचत नाही बाई. पेटी मुकी पाहिजे."

झाकणाला खिळे ठोकले की हमाल पेटी हलवायचे आणि मुनीमजी कान लावायचे. आत फळ गडगडलं, तर रस्त्यात दबून सडणार. मग ती पेटी सगळ्यांसमोर उघडून पुन्हा भरायची. गप्प राहिली तीच रेल्वेच्या वॅगनमध्ये चढायची.

मी छाटणीतही जीव ओतायची. माझ्या शेजारी बसणारी नवऱ्याला सोडून माहेरी आलेली होती, आणि जिभेची तिखट. ती करवादायची, "काहून इतकी मरून राहिली वं? उद्या तुले आत तरी घेतील का?"

"उद्या मुनीमजीच्या हातात," मी म्हणायची. "हा ढीग तर माह्या हातात हाये ना?"

तोऱ्यात म्हणायची खरी, पण अख्ख्या वखारीत माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतंच.

मग धुळवड आली. दुसऱ्या दिवशी पेट्या भरणाऱ्यांपैकी एकही फिरकला नाही. कोणाची भांगच उतरली नव्हती. वखारीत संत्र्यांचा डोंगर आणि वॅगन त्याच संध्याकाळची. मुनीमजी डोकं धरून बसले. मी पुढे झाले.

"आमी भरतो."

त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. पहिली पेटी मीच भरली. तळाशी तणस, म्हणजे भाताचा पेंढा, त्यावर एकसारखी फळं सरळ ओळीत, फळावर फळ, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. छाटणीवाल्या ना आम्ही! इतकी देखणी दिसत होती, की बाकीच्या पोरी बघायला आल्या. झाकण ठोकलं, हमालांनी पेटी हलवली, आणि आत नुसता गडगडाट. मुनीमजींनी बोट उचललं आणि छाटणीच्या ढिगाकडे दाखवलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

छाटणीतली माझी शेजारीण मात्र उठली. तिनं झाकण उचकटलं, आत वाकून पाहिलं आणि माझ्यावरच खेकसली, "अवं, फळावर फळ काहून ठेवलं? दिवाळीले डब्यात लाडू कसे भरते तू?"

दोन लाडवांच्या मधल्या खळग्यात वरचा लाडू बसवायचा, हे आम्हाला घरी कोणी शिकवलंही नव्हतं. हाताला माहीत होतं. वखारीत आल्यावर देखणेपणाच्या नादात मी ते पार विसरले होते. मुनीमजींना न विचारता आम्ही पेटी रिकामी केली आणि लाडवांसारखी भरली. वर झाकण बसेना, तर दोन पोरी त्यावर चढून बसल्या आणि मी खिळे ठोकले.

हमालांनी हलवली. मुनीमजींनी कान लावला.

"पुन्हा हलवा."

पुन्हा हलवली. पेटी मुकी! आम्ही मात्र अशा ओरडलो, की बाहेरचे बैलबंडीवाले डोकावायला आले. मग कोणालाच काही सांगावं लागलं नाही. संध्याकाळी शेवटची पेटी वॅगनकडे निघाली, तेव्हा हात तणसानं खरचटले होते आणि मी हसत सुटले होते.

दुसऱ्या दिवशी पुरुष आले, लाल डोळ्यांचे, कानामागे अजून रंग. आम्हीही आलो. ठरवलं काहीच नव्हतं, पण दारात कोणी थांबलंच नाही. शेजारीण पुढे, मी तिच्या मागे, अशा सगळ्याजणी सरळ आत गेलो. मुनीमजींचं बोट अर्ध्यावर उठलं, तिथेच अडखळलं, आणि मग त्यांनी त्याच बोटानं कान खाजवला. मी एक रिकामी पेटी पुढ्यात ओढून बसले. पेट्या भरणाऱ्यांतला सगळ्यात म्हातारा माझ्याकडे बघत राहिला, मग गुडघा आवरून त्यानं तणसाचा भारा माझ्याकडे सरकवला. बहार संपेपर्यंत ते बोट पुन्हा उठलं नाही.

त्या संध्याकाळी ओट्यावरच्या बाईनं विचारलं, "काहून वं, आज उशीर?"

"पेट्या भरून राहिली होती ना," मी म्हटलं, आणि रिकामा डबा मुद्दाम खणखण वाजवत घरी गेले.