टोपीखालचा चेहरा

"काका, हा भाऊसाहेबच आहे. चाल बघा ना त्याची," सुनील पुण्याहून फोनवर सांगत होता.

मी चालच बघत होतो. साळवे बाईंच्या पडवीत उभा राहून त्यांच्या मोबाईलवर तीच क्लिप पुन्हा पुन्हा लावत होतो. गेट उघडतं. एक काळी आकृती आत येते, गोठ्याकडे जाते आणि शेळी घेऊन बाहेर पडते. डोक्यावर टोपी आहे एवढं कळतं. नाक, डोळे, मिशी, वय, कशाचाच पत्ता नाही. मागे उगवता सूर्य आणि पुढे डांबराचा पुतळा.

"सुनीलभाऊ, या चालीने आमच्या तालुक्यातले निम्मे म्हातारे चालतात," मी म्हणालो.

राहात्यात माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. आधी टीव्ही रिपेअर करायचो; लोकांनी टीव्ही दुरुस्त करणं सोडलं, मग मी कॅमेऱ्यांकडे वळलो. साळवे बाई झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या. शेतातल्या वस्तीवर एकट्या राहतात. मालक गेले, मुलगा सुनील पुण्यात कंपनीत. सोबतीला दोन शेळ्या. त्यातली एक रविवारी सकाळी गेली.

रविवारी चर्च उघडून झाडायचं काम बाईंकडे असतं. त्यामुळे त्या दिवस उगवायच्या आतच घराबाहेर पडतात. चोराला हे माहीत होतं. शेळी त्याच्यामागे मुकाट्याने गेली, साधी ओरडलीसुद्धा नाही. म्हणजे माणूस ओळखीचा. शेजारच्या रानातले भाऊसाहेब या वर्णनात तंतोतंत बसत होते. बाईंच्या शेळ्यांना पाणी ते दाखवायचे, बोअरची मोटार ते चालू करायचे. बाईंचं बीपी वाढलं तेव्हा दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. आणि टोपी तर ते झोपतानाच काढत असतील.

सुनीलने कसलीही चौकशी न करता थेट त्यांना फोन लावला होता. "शेळी कुठं विकली?" एवढंच विचारलं. त्या दिवसापासून भाऊसाहेबांनी बाईंच्या गेटात पाऊल टाकलं नव्हतं. सुनीलचा दुसरा निर्णयही तयार होता. आईने घराला कुलूप लावून पुण्याला यायचं.

बाई माझ्यासमोर चहा ठेवत म्हणाल्या, "दादा, भाऊसाहेबांना शेळी हवी असती तर मागून नेली असती. ते तुटले तर मी इथं एकटी राहू शकणार नाही, हे सुनीलचं खरं आहे. पण मला पुण्याला जायचं नाही. मला त्या माणसाचं तोंड दाखवा."

गेलेलं तोंड परत आणता येत नाही. जे रेकॉर्डच झालं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर काढून देत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. पण दुसरी शेळी अजून गोठ्यात होती आणि एकदा चटावलेला माणूस पुन्हा येतो. तो येईल तेव्हा त्याचा चेहरा दिसलाच पाहिजे, हे मी तिथंच मनाशी पक्कं केलं. खरं सांगायचं तर सुनीलच्या त्या फोनचा मला रागही आला होता.

अडचण साधी होती. आमच्याकडे घराचं दार पूर्वेला. सुनीलने ऑनलाईन मागवलेला कॅमेरा गावातल्या वायरमनने बरोबर दारावर, गेटाच्या समोरासमोर ठोकलेला. कॅमेरा चित्रातला सगळा उजेड मोजतो आणि त्याची सरासरी धरतो. मागे आभाळ झगझगीत असलं की त्याला वाटतं, उजेड फार झाला. तो उजेड कमी करतो आणि पुढच्या माणसाच्या तोंडाला काळं फासलं जातं. आम्ही याला बॅकलाईट म्हणतो.

पहिला उपाय सगळेच करतात. कॅमेरा वर चढवायचा आणि त्याची मान खाली घालायची, म्हणजे आभाळ चित्रातून निघून जातं. मी दुसऱ्या दिवशी पहाटे थंडीत कुडकुडत वस्तीवर गेलो. सकाळच्या उन्हाचा कॅमेरा दुपारी निवडता येत नाही. शिडी लावली, कॅमेरा छताखाली घेतला आणि बाईंना गेटातून चालत यायला सांगितलं. चेहरा स्वच्छ दिसला. मी खूश.

"थांबा, टोपी घालून येते," बाई म्हणाल्या.

त्यांनी कपाटातून मालकांची टोपी काढली, डोक्यावर ठेवली आणि ऐटीत चालत आल्या. स्क्रीनवर एक पांढरा ठिपका चालत आला. खाली माणूस आहे की भूत, काही कळेना. मोबाईल बघून बाईंना इतकं हसू आलं की त्या ओट्यावरच बसल्या. मला मात्र शिडी परत लावावी लागली. ज्या गावात डोक्यावर टोपी असते तिथं कॅमेऱ्याने वरून बघून चालत नाही, तो चेहऱ्याच्या उंचीवरच हवा. चेहऱ्याच्या उंचीवर आणला की समोर पुन्हा सूर्य.

तिसऱ्या सकाळी मी दुकानातला दुसरा कॅमेरा घेऊन गेलो. त्यात खरा डब्ल्यूडीआर होता. म्हणजे तो एकाच वेळी दोन चित्रं घेतो, एक उजेडासाठी आणि एक सावलीसाठी, आणि दोन्ही एकत्र करतो. पुष्कळ बॉक्सवर डब्ल्यूडीआर छापलेलं असतं, पण आत नुसती चित्र उजळवायची सोय असते. सुनीलच्या कॅमेऱ्यात तीच होती. ती चालू केली की चेहरा राखाडी व्हायचा, ओळखू मात्र यायचा नाही.

सुनीलला कळलं तेव्हा तो तडकला. "काका, माझा आठ मेगापिक्सेलचा काढून तुम्ही दोनचा लावताय?"

"मेगापिक्सेल म्हणजे चित्रात ठिपके किती. चेहऱ्यावर अंधार असला तर आठात अंधाराचेच ठिपके जास्त मिळतील. लावू का परत?"

तो गप्प बसला. गिऱ्हाईक गप्प बसलं की आम्ही होकार धरतो.

जागाही बदलली. दारावरून काढून पडवीच्या दक्षिणेकडच्या खांबावर, तिरका, फक्त गेट दिसेल असा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकून उगवतो, त्यामुळे तो आता चित्राबाहेर राहिला. पण संक्रांतीनंतर तो रोज थोडा उत्तरेला सरकतो. उन्हाळ्यात महाराज पुन्हा गेटात उभे राहणार. म्हणून नुसती जागा बदलून भागत नाही, कॅमेराही तसाच लागतो. बाईंनी पुन्हा टोपी घातली. या वेळी टोपी दिसली, चष्मा दिसला आणि चष्म्यामागचे डोळेसुद्धा दिसले.

मग रविवार आला. मी दुकान झाडत होतो तेव्हा सुनीलचा फोन आला.

"काका, आलाय! लाईव्ह दिसतोय. घासवाला आहे हो, आपला घासवाला!"

आठवड्याला मोटारसायकलवरून शेळ्यांसाठी हिरव्या घासाच्या पेंढ्या आणून टाकणारा माणूस. हातात पेंढी धरली की शेळी त्याच्यामागे आपसूक चालायची. ती कशाला ओरडेल?

"आई चर्चमध्ये आहे, फोन उचलत नाही. काका, तुम्ही जरा भाऊसाहेबांना फोन करता का?"

"नंबर तुमच्याकडेच आहे. मागच्या वेळी तुम्हीच लावला होता. आताही तुम्हीच लावा."

फोन कट झाला. त्याने लावला असावा, कारण मी वस्तीवर पोहोचलो तेव्हा भाऊसाहेब रस्त्यावर शेळीची दोरी धरून उभे होते. पायात चप्पल नव्हती. घासवाल्याला त्यांनी पोलीस पाटलाच्या ताब्यात दिलं होतं. पहिली शेळी घोडेगावच्या बाजारातून कधीच पुढे गेली होती. ती मिळणार नव्हती. ही त्यांनी गेटाबाहेरच्या खांबाला बांधली आणि आत न येताच ते निघून गेले.

सुनील संध्याकाळी पुण्याहून आला आणि भाऊसाहेबांच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडला. पुण्याचा विषय संपला.

पुढच्या आठवड्यात मी सेटिंग तपासायला गेलो. सगळं रेकॉर्डिंग चाळलं. दूधवाला, पोस्टमन, बाई, सगळे लख्ख दिसत होते. भाऊसाहेब कुठेच नव्हते. पण शेळीच्या पुढ्यातली बादली भरलेली आणि बोअरची मोटार चालू.

"ते येतच नाहीत का?" मी विचारलं.

बाईंनी घरामागे बोट दाखवलं. उत्तरेच्या काटेरी कुपाटीत माणूस वाकून येईल एवढी वाट पाडलेली होती. तेवढ्यात भाऊसाहेबच तिथून आले.

"गेट असताना इकडून कशाला?" मी म्हणालो.

"पोरगं पाया पडलं, आमी माफ केलं. पर त्या मशीनम्होरं न्हाई यायचं आता. लई वंगाळ वाटतं."

बाईंनी मान फिरवली. डोळे पुसले असावेत.

त्याच रात्री सुनीलचा फोन आला. "काका, मागच्या कुपाटीत वाट पडलीय म्हणे. तिथंही एक कॅमेरा लावून टाका."

उत्तरेची बाजू, वर्षभर सावली. अगदी साधा कॅमेराही तिथं झकास चालला असता.

"तिथं कॅमेरा चालणार नाही," मी म्हणालो, आणि हातची ऑर्डर सोडून दिली.