खैरुद्दीनभाईंचा चौथा पट्टा

माझी नात सायरा फ्रिजच्या दाराला पेला टेकवते आणि आतून बर्फाचे खडे खडखड पडतात. अल मजाजच्या सोळाव्या मजल्यावर ही सोय आहे. मी दरवेळी बघत राहते, तर ती म्हणते, "दादी, इट्स जस्ट आईस." असेल बाई. पण याच शारजात एका लादीसाठी माणसं पहाटेपासून गोणपाट घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. ती लादी तयार होणं न होणं माझ्या थोरल्या दिरांच्या हातात होतं. म्हणजे त्यांच्या हातात आणि तेलाच्या बाटलीत.

खैरुद्दीनभाई जयगडच्या खाडीकाठचे. घरात तीन पिढ्या गलबतं. ते स्वतः एकवीस वर्षं आगबोटीच्या इंजिनखोलीत तेलवाले होते. तेलवाला म्हणजे तेल विकणारा नव्हे, यंत्राला वेळच्या वेळी तेल पाजणारा. त्यांचं लग्न काही झालं नाही. मुलगी बघायचा दिवस आणि बोट सुटायचा दिवस नेहमी एकच यायचा. पुढे शारजाच्या खाडीवर अरबाब अहमदनी बर्फाचा कारखाना काढला; अरबाब म्हणजे मालक. त्यांना इंजिन सांभाळणारा माणूस हवा होता, भाई आले. भाईंच्या मागोमाग त्यांचे धाकटे भाऊ कमरुद्दीन, म्हणजे आमचे हे, गोदीवर कारकून म्हणून आले. आणि बासष्ट साली यांच्या मागोमाग मी, एक पेटी आणि एक पाटा-वरवंटा घेऊन. आम्हा तिघांना कारखान्याच्या आवारातच दोन खोल्या होत्या, खोल्यांच्या मध्ये अंगण.

भाईंचा अल्लाच्या खालोखाल तेलावर विश्वास. तेही साधं तेल नाही, मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं. आमच्याकडे गलबताच्या लाकडाला ते चोळतात आणि इथले अरबही आपल्या होड्यांना तेच चोळतात, त्यामुळे भाईंना वाटायचं दोन मुलखांची साक्ष मिळाली, आता आणखी काय पुरावा पाहिजे. दर गुरुवारी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर ते काळी बाटली घेऊन निघायचे. दार कुरकुरलं, तेल. अरबाबचा गुडघा दुखला, तेल. एकदा माझ्या शिवणाच्या कात्रीला त्यांनी इतकं पाजलं की आमच्या ह्यांचे नवे सदरे महिनाभर मासळीबाजारासारखे घमघमत होते. गोदीवरचे लोक ह्यांना वाट करून द्यायचे. यांना वाटायचं मान देतात.

कारखाना कसा चालायचा ते मला कळलं तेवढं सांगते. एका टोकाला डिझेलचं इंजिन, त्याला मोठं चाक. आठ हातांवर कंप्रेसर, त्याला दुसरं चाक. दोन चाकांवरून वीतभर रुंदीचा एक लांब पट्टा. इंजिन फिरलं की पट्टा फिरतो, पट्टा फिरला की कंप्रेसर फिरतो, मग बर्फ होतो. पट्टा तुटला की इंजिन नुसतंच ठकठक करत बसतं, आणि खाडीवर कोळ्यांची मासळी उन्हात.

मूळचा पट्टा यंत्राबरोबर आलेला, चामड्याचा. भाईंनी त्याला दर गुरुवारी तेल चोळलं आणि तो तीन वर्षं चालला. म्हातारा होऊन गेला तेव्हा भाईंनी तो घडी घालून फळीवर ठेवला, फेकवेना. मग मुंबईहून नव्या पद्धतीच्या पट्ट्याचा गुंडा आला, कापड आणि रबर थरावर थर दाबून केलेला. हवा तेवढा कापायचा आणि दोन टोकं लोखंडी आकड्यांनी जोडायची. भाईंनी त्यातला पहिला कापला, जोडला, बिस्मिल्ला म्हणून चढवला आणि गुरुवारी तेल चोळलं.

पाच आठवड्यांत तुटला.

भाई म्हणाले, चाकं एका रेषेत नसतील. त्यांनी दोन्ही चाकांवरून सुतळी ताणली, एक डोळा मिटून बघितलं, कंप्रेसरखाली पत्र्याची पट्टी सारली. रेष अशी सरळ आली की मशिदीचा कारागीर बघायला आला. दुसरा पट्टा चढवला. तीन आठवडे. मग ते म्हणाले वाळू जाते. त्यांनी चाकांभोवती गोणपाटाचा पडदा बांधला, माझ्या पदरापेक्षा जास्त काळजीनं. तिसरा पट्टा चढवला, आणि याला आणखी जपायचं म्हणून तेल गुरुवारच्या जोडीला सोमवारीही. सोळा दिवस.

"मुंबईच्या व्यापाऱ्यानं फसवलं," भाई जेवताना म्हणाले. "माल खोटा आहे."

"खोटाच असणार," आमचे हे म्हणाले. भाईंसमोर यांचं तोंड घास घालायला आणि हो म्हणायलाच उघडायचं.

अरबाब अहमद दुसऱ्या दिवशी आले. माणूस चांगला, मुंबईला मोती विकून हिंदी शिकलेला. पण तीन वेळा कोळ्यांच्या शिव्या खाल्लेल्या. मी पडद्याआडून ऐकत होते.

"खैरुद्दीन, गुंड्यात किती पट्टा राहिला?"

"एकाचा, अरबाब."

"तो ये चौथा है. ये टूटा तो खलास. तुम अगली आगबोट से रत्नागिरी, मैं बसरे से दूसरा मिस्त्री लाता है."

भाई म्हणजे तेव्हा बावन्न वर्षांचा माणूस. गावात गलबतं उरली नव्हती, आगबोटीवर त्या वयात कोण घेणार. घरी जाऊन करणार काय, दारांना तेल? त्या संध्याकाळी त्यांनी भाकरी अर्धी ठेवली. चौथा पट्टा चढवला आणि येणाऱ्या गुरुवारी त्याला दोन्ही बाजूंनी तेल चोळलं, आजाऱ्याचे पाय चेपावेत तसं हळूहळू.

आता माझ्या चपलांचं सांगायला हवं. तुटलेल्या पट्ट्याचे तुकडे आवारात कुणी वाया जाऊ द्यायचं नाही. तिसऱ्या पट्ट्याच्या वेळी माप चुकलं होतं आणि एक कोरा तुकडा कापून बाजूला पडला होता. तो मी बाजारातल्या हमदुल्ला मोच्याकडे नेला, तळवे लाव म्हणाले. तुकडा एकाच पायापुरता निघाला. दुसऱ्या पायाला त्यानं तिसऱ्याच पट्ट्याचा, तुटल्यानंतरचा तुकडा लावला. डावी चप्पल कोरी, उजवी वापरलेली.

आठवड्याभरात मी लंगडायला लागले. डावा तळवा टणक होता तसाच. उजवा फुगला, मऊ पडला, चहात बुडवलेल्या पावासारखा, आणि चाललं की पचपच आवाज. मी हमदुल्लाकडे गेले भांडायला.

"बीबी, मैं क्या करूँ," तो म्हणाला. "एक ही गुंडे का माल है. दाहिनेवाला तेल पी के बैठा है. रबर को तेल पिलाओगी तो ऐसा ही होगा."

मी परत येताना अर्ध्या रस्त्यात थांबले. डावा पाय टणक, उजवा पचपच, आणि गुंडा एकच. म्हणजे मुंबईचा व्यापारी खरा होता. सुतळी खरी होती, गोणपाट खरं होतं. आणि भाई जितकं जास्त जपत होते, तितका पट्टा लवकर मरत होता.

कळलं, पण सांगणार कशी? धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही, ही आमची रीत. दोन वर्षं एका अंगणात राहून भाईंनी माझा चेहरा नीट पाहिला नव्हता. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मी? भाईंना? तेलाबद्दल?" आणि उम्म अल कुवैनला काम आहे म्हणून दोन दिवस निघून गेले.

राहिली मुन्नी. मुन्नी म्हणजे आमची मांजर. काही अडलंच तर भाई आणि मी तिच्यामार्फत बोलायचो. सालन तिखट झालंय, पाण्याचा हंडा रिकामा आहे, असं. तिला मासे मिळायचे, म्हणून बसून ऐकायची.

भाई अंगणात बाजेवर बसले होते. मी दाराआडून म्हणाले, "मुन्ने, भाईंना सांग, पट्ट्याला तेल नको. रबर तेल पिऊन फुगतं."

मग भाई मुन्नीकडे बघून म्हणाले, "मुन्ने, कमरूच्या घरचीला सांग, मी एकवीस वर्षं इंजिनखोलीत होतो. ती किती वर्षं होती?"

"मुन्ने, भाईंना सांग, मी एक दिवसही नव्हते. पण माझ्या चपला बघा म्हणावं." आणि मी दोन्ही चपला दारातून अंगणात सरकवल्या.

भाईंनी त्या पायानंच ढकलल्या. "बायकांच्या चपलांवर कारखाना चालवायचा असेल तर सांग तिला, बसऱ्याचा मिस्त्री येतोच आहे." मुन्नी उठून गेली. आमच्या भांडणात कोण बसणार.

तीन दिवस अंगणात कुणाशी कुणी बोललं नाही, मुन्नीही उपाशी. पण भाईंचा एक गुण सांगते. हट्टी होते, पण यंत्राच्या बाबतीत खोटं चालायचं नाही त्यांना. चौथ्या दिवशी खिडकीत दोन वाट्या दिसल्या. एकीत पट्ट्याचा नखाएवढा तुकडा तेलात, दुसरीत तसाच तुकडा कोरडा. मी बघितल्यासारखं केलं नाही. भाई येता-जाता डोकावायचे, आणि मी दिसले की खाडीकडे बघायचे.

गुरुवारी अस्र झाली. भाई बाटली घेऊन निघाले, खिडकीपाशी थांबले. तेलातला तुकडा दोन बोटांत दाबला. बोटांना काळं लागलं. मग कोरडा दाबला. मग बाटलीला बूच लावलं आणि खाली बसून घेतलं. मला वाईट वाटलं. तीन पट्टे त्यांनी आपल्याच हातांनी मारले होते, तेही माया करून.

"मुन्ने," ते म्हणाले, आवाज खाली. मुन्नी तिथं नव्हतीच. "चौथ्यालाही एकदा चोळलंय. आता?"

मी दाराआडून म्हणाले, "मुन्ने, कपड्याला तेल लागलं तर काय करतात?"

शुक्रवारी कारखाना बंद. भाईंनी पट्टा उतरवून अंगणात आणला आणि खोलीत गेले, दार लोटून. मी पदर खोचला, कपड्याचा साबण, सोडा, काथ्या घेतला आणि तो वीस-एकवीस हात लांब पट्टा लग्नातल्या सतरंजीसारखा घासला. पाणी आधी काळं, मग पिवळं, मग साबणाचं निघालं. चाकंही पुसून काढली, ती भाईंनी. सावलीत दोरीवर वाळत घातला. शेजारचे विचारत होते घरात कोण साप पाळलाय. त्या गुरुवारपासून पट्ट्याला तेल नाही, नुसता लोबानचा धूर. काहीतरी केल्याशिवाय भाईंचे हात राहायचे नाहीत, म्हणून.

पट्टा चालला. तीन आठवडे, मग पाच. आणि सहाव्यात अरबाब आले, पाहुणे घेऊन. पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"खैरुद्दीन, ये तो सूखा है. तेल क्यों नहीं डाला?"

अरबाबही होड्यांच्या घरातले. तेलावाचून कुठलीही वस्तू त्यांना उपाशी वाटायची. "डालो, अभी डालो. मेरे सामने."

घातलं तर पट्टा जाणार, नाही घातलं तर मालकाचा हुकूम मोडला. दोन्हींकडून आगबोट. भाई बाहेर आले आणि थेट आमच्या दाराशी.

"मुन्ने, तिच्या चपला माग."

मी पायातल्या काढून दिल्या. जूनची वाळू, मी एका पायावर उभी, मग दुसऱ्या. आणि गोणपाटाच्या फटीतून बघते तर खैरुद्दीनभाईंनी एका बाईच्या दोन चपला उचलून अरबाबच्या समोर टेबलावर, पाहुण्यांच्या कहव्याच्या पेल्यांशेजारी ठेवल्या. पाहुण्यांनी पेले मागे घेतले. मालकापुढे चप्पल ठेवणं म्हणजे काय ते इथं लहान पोरालाही कळतं. मी मनात पेटी भरायला घेतली.

"अरबाब, माफ करो," भाई म्हणाले. "पहले दबाओ. बाद में निकालो मुझे."

अरबाबनी चपला जवळ ओढल्या. मग डावी दाबली. मग उजवी दाबली. बोट आत गेलं.

"ये एक ही पट्टा है. दाहिने को मैंने तेल पिलाया. बाएँ को नहीं. तीन पट्टे मैंने मारे, अरबाब. माल अच्छा था."

अरबाबनी बोटाचा वास घेतला. चेहरा वाकडा झाला, मग हसू फुटलं, मग पाहुण्यांनाही दाबायला लावलं, एकेकाला, नमुना दाखवावा तसं. "किसने ढूँढा?"

"घर में से," भाई म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंच पुष्कळ.

उजवी चप्पल परत आली नाही. अरबाबनी ती इंजिनाजवळच्या खिळ्यावर टांगायला लावली, म्हणजे पुन्हा कुणी बाटली घेऊन आलं तर आधी ती दिसावी. भाई त्या इंजिनावर आणखी अकरा वर्षं होते. चौथा पट्टा त्यातली दोन चालला, आणि चप्पल अकराही वर्षं टांगलेली.

त्या दिवशी मला काय वाटलं होतं ते नको सांगायला, कारण डावी एकटी चप्पल घेऊन बाई फार काही वाटून घेऊ शकत नाही. संध्याकाळी भाई दुबईला जाणाऱ्या गाडीची वाट बघत अंगणात उभे होते. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मुन्नी कुठल्यातरी होडीत मासे शोधत गेलेली. शेवटी खाडीकडे तोंड करून, पण मुन्नीचं नाव न घेता, दोन वर्षांत पहिल्यांदा ते मला म्हणाले,

"पायाचं माप काय?"