प्रियदर्शनीनं हात उचलला

कसबा बावड्यात कारखान्याच्या रस्त्यावरून आत वळलं की प्रियदर्शनी चौगुलेचं घर लागतं. घराच्या मागच्या खोलीत ती बायकांना मालिश करते. तिचं मालिश म्हणजे नुसतं तेल चोपडणं नव्हे. स्नायूच्या आतल्या थरात बसलेला ताठा अंगठ्यानं, कधी कोपरानं, हळूहळू दाबत सोडवायचा. त्याला डीप टिश्यू म्हणतात, हे तिच्याकडं येणाऱ्या म्हशीवाल्या बायकांनाही आता पाठ झालंय.

आधी ती शिवणकाम करायची. मशीनवर वाकून वाकून खांदा असा धरला की डोक्यावरून पदर घेता येईना. शहरातल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो मोकळा केला, आणि प्रियदर्शनी त्यांच्याच हाताखाली शिकायला राहिली. सासूबाई राजमती तेव्हा म्हणाल्या होत्या, "चौगुल्यांच्या सुनंनं लोकांची अंगं रगडायची?" पुढं त्यांचीच कंबर धरली आणि तो विषय मिटला.

धारा काढून खांदे आखडलेल्या, शेतातलं तण भांगलून भांगलून पाठीचं लाकूड झालेल्या बायका तिच्याकडून उठताना मान फिरवून बघायच्या आणि हसायच्या. ती प्रत्येकीला सांगायची, "गोड दुखलं तर दुखू दे. टोचलं, मुंग्या आल्या, श्वास अडकला की लगेच बोलायचं. माझ्या भिडेनं सोसायचं न्हाय." दुसऱ्या दिवशी अंग जरा ठणकेल, पाणी पी, जड उचलू नको, हेही सांगायची.

अनुजा तिच्याकडं वर्षभर येत होती. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरगी. पहाटे धावायची, दुपारी गोळाफेक. पळून आवळलेल्या पोटऱ्या प्रियदर्शनीकडं मोकळ्या करून घ्यायची. तिचा बाप आकाराम दुधाचा टेम्पो चालवायचा. पोरीच्या अंगावर खाकी बघायची एवढाच त्याला ध्यास होता.

मैदानी चाचणीला चार दिवस राहिले असताना तो तिला मोटारसायकलवर घेऊन आला. अनुजा आदल्याच दिवशी नागपूरहून दुसरी एक परीक्षा देऊन बसनं परतली होती.

"डाव्या पोटरीत गोळा आलाय," आकाराम दारातूनच म्हणाला. "चांगला जोर लावून काढा, वैनी. रविवारी पळायचं हाय." आणि तो बाहेर कट्ट्यावर बसला.

अनुजा पालथी झोपली. प्रियदर्शनीनं तेल हातावर घेतलं आणि नेहमीसारखा तळहात पोटरीवरून हलकेच फिरवला. हात तिथंच थबकला. कातडी गरम लागत होती. तिनं दुसरी पोटरी चाचपली. ती गार होती, बारीक होती. डावी नुसती आवळलेली नव्हती, सुजून तट्ट झाली होती.

ती हात पुसून अनुजाच्या डोक्याशी येऊन बसली. "पडलीस कुठं? मुरगळला?"

"न्हाय. बसमध्येच ठणकाय लागला. रात्रभर एका जागी बसूनच होतो."

"दम लागतोय? छातीत दुखतंय?"

"न्हाय की."

"कसली गोळी-बिळी चालू हाय?"

अनुजानं मान वळवली. खिडकीकडं बघत खालच्या आवाजात म्हणाली, "पाळी लांबवायच्या. दोन्ही परीक्षांत यायला नको म्हणून. मैत्रिणीनं दिलत्या. बरेच दिवस झालं." आणि घाईनं पुढं म्हणाली, "काकी, बाबांना सांगू नका. शपथ हाय तुम्हाला."

शिकवणाऱ्या बाईंचं एक वाक्य प्रियदर्शनीला आठवलं: एकच पाय सुजलेला आणि गरम दिसला तर दाबायचं नाही, दवाखान्यात पाठवायचं. आत शिरेत रक्ताची गाठ असली आणि ती दाबानं सुटली, तर थेट फुफ्फुसात जाऊन अडकते. त्या गोळ्या, तो लांबचा प्रवास. कदाचित काहीच नसेलही. नुसती नस धरली असेल, आणि आपल्यामुळं पोरीचं मैदान हुकेल. हे तिला खरोखरच ठरवता येत नव्हतं. पण अंगठा टेकवायची तिची हिंमत होईना.

"असल्या गोळ्यांनी रक्ताची गाठ हुतीया," एवढं अनुजाला सांगून ती बाहेर आली. "दादा, मी हिला हात लावणार न्हाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. पायात रक्ताची गाठ असायची शक्यता हाय."

आकाराम उठला. "वर्षभर लावत हुता की हात. आज काय झालं?"

"आजची सूज वेगळी हाय."

"तुम्ही काय डॉक्टर हाय?"

"न्हाय. म्हणून तर डॉक्टरकडं न्या म्हणतोय."

"डॉक्टर पायाला पट्टी बांधून महिनाभर झोपवतंय. मग कसलं मैदान?" त्यानं अनुजाला हाक मारली. "चल गं. हाडवैद्याकडं जाऊ. एका झटक्यात मोकळं करतोय त्यो."

अनुजा लंगडत आली आणि मान खाली घालून गाडीवर बसली. गाडी वळणाआड गेली.

प्रियदर्शनी दारात उभी राहिली. शपथ मोडावी का? तिनं अनुजाला फोन लावला. नुसता वाजत राहिला. परत लावला. "काय झालं गं?" राजमतींनी आतून विचारलं. तिनं स्कूटीची किल्ली घेतली.

हाडवैद्याच्या ओसरीत माणसं बसली होती, पण आकारामनं ओळखीवर पोरीला पुढं घातलं होतं. अनुजा बाकावर पाय पसरून बसली होती. म्हातारा तेलाची वाटी सरकवत होता.

"थांबा," प्रियदर्शनी म्हणाली. धापेनं तिला पुढचं बोलता येईना.

आकाराम भडकला. "इथंबी आला काय? पोरीचं वाटोळं करायचं ठरवलंय?"

सगळी ओसरी बघत होती. प्रियदर्शनीनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. ती अनुजाजवळ गेली. "मी शपथ मोडणार न्हाय. पण मला सांगितलंस ते ह्यांना सांगितल्याबगार पाय पुढं करू नकोस. जिवाशी खेळ हाय बाळा."

अनुजाचा चेहरा लाल झाला. म्हाताऱ्याचा हात पोटरीवर टेकायला आला होता. तिनं पाय ओढून घेतला.

"बाबा, मी पाळीच्या गोळ्या खातोय," ती म्हणाली. एवढ्या पुरुषांसमोर. "तुम्हाला न सांगता. त्यानं रक्ताची गाठ हुतीया म्हणं."

हाडवैद्यानं हात मागं घेतला, फडक्याला पुसला. "असं असल तर मी धरत न्हाय. घेऊन जा," तो आकारामला म्हणाला.

आकारामचं तोंड उतरलं. गाडीची किल्ली हातात धरून तो नुसता उभा होता. शेवटी प्रियदर्शनीनंच रिक्षा बोलावली.

दवाखान्यात सोनोग्राफीचा रिपोर्ट येईपर्यंत तिघं बाकड्यावर बसली होती. प्रियदर्शनीला राहून राहून आपला तो पहिला तळहात आठवत होता. हलकाच फिरवला होता, पण फिरवला होता. अनुजा जरा मोठ्यानं श्वास घेई तशी ती दचकून तिच्याकडं बघे. डॉक्टर बाहेर आल्या. गाठ होती, गुडघ्याच्या वरपर्यंत गेलेली. जागची हललेली नव्हती. त्यांनी लगेच इंजेक्शन सुरू केलं.

"ह्याच्यावर जोरात मालिश झालं असतं तर?" आकारामनं विचारलं.

"झालं नाही ते बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या.

रविवारी अनुजा दवाखान्यात होती. मैदान हुकलं. आकारामनं भेटायला आलेल्या प्रियदर्शनीला त्या दिवशी ना बोल लावला ना आभार मानले. चहा तेवढा आणून दिला.

रक्त पातळ करायच्या गोळ्या काही महिने चालल्या. त्या काळात अनुजा एकदा येऊन म्हणाली, "पाठ तरी दाबा." प्रियदर्शनीनं नाही म्हटलं, त्या गोळ्या चालू असताना जोराचा दाब दिला तर आतल्या आत रक्त वाहतं. गोळ्या बंद झाल्या, डॉक्टरांनी लिहून दिलं, तेव्हा कुठं तिनं पुन्हा तेल घेतलं. पहिल्या दिवशी डाव्या पोटरीवर तिचा अंगठा पुढं सरकेना. "काकी, गुदगुल्या करताय व्हय?" अनुजा म्हणाली, तशी ती थोडी मोकळी झाली.

आता खोलीत आलेल्या प्रत्येक बाईला ती पाळीच्या गोळ्या चालू आहेत का, ते विचारते. एक पाटलीणबाई त्यावर रागावून उठून गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. अनुजा पुढच्या भरतीत मैदानात वर आली, लेखीला थोडक्यात हुकली. सध्या गणिताचा क्लास लावलाय. आकाराम टेम्पोतून तिला सोडतो.