सूर्यभानजी आणि सहावा भाग

अंजनगाव सुर्जीत सूर्यभानजींचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग मान डोलावतात. हसतात ते त्यांच्या खोडीला. कोणतंही काम हा माणूस बुडापासून धरणार. मोटर बंद पडली तर दुसरा कोणी वायर पाहील, हे आधी विहिरीत डोकावतील. पोराच्या लग्नाची पत्रिका छापायची होती, तर पणजोबापासूनची नावं जुळवत बसले आणि पत्रिका हळदीच्या दिवशी हातात आली. चाळीस वर्षं पानमळ्यात विड्याची पानं खुडली, तरी नवा वेल लावताना अजून माती मुठीत चुरून पाहतात. बायको पार्बताबाई म्हणते, या माणसाले आंबा देला त हा कोयीपासून खाईन.

अशा माणसानं चौसष्टाव्या वर्षी मारामारीचा व्हिडिओ गेम शिकायला घेतला. खोटं कशाला बोला, हौस कसली, निव्वळ हट्ट होता. पण हट्ट सुनेसाठी होता, म्हणून सांगण्यासारखा आहे.

सून रागिणी, माहेर अकोल्याचं. तिच्या भावाचं तिथं गेम पार्लर होतं, त्यामुळे शाळेपासून या खेळात तिचा हात बसलेला. तीन वर्षांपूर्वी सूर्यभानजी सहकुटुंब तिला पाहायला अकोल्याला गेले, त्याच दिवशी तिथं तिची फायनल होती. मुलगा श्याम म्हणाला, बाबा, चहापोहे मागून होतील, आधी खेळ पाहू. म्हणून सूर्यभानजी पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत जाऊन बसले. समोर होता अकोल्याचाच शाकीब. पोरगी हरली, अगदी थोडक्यात हरली. पण ना चेहरा पाडला ना आदळआपट केली, उलट जागेवरूनच पाव्हण्यांना हात जोडले. सूर्यभानजींना ती तिथंच पसंत पडली. हारली तरी कशी शांत राह्यली, हे कौतुक त्यांनी पुढं तीन वर्षं साऱ्या नात्यागोत्यात सांगितलं.

लग्नानंतर नवरा-बायको संध्याकाळी मिळून खेळायचे. श्याम रेल्वेत, बडनेऱ्याला. यंदा त्याला दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला भुसावळला पाठवलं आणि रागिणीचा जोडीदारच गेला. एका सकाळी ती ओसरीत फोनवर बोलत होती. अमरावतीला मोठी स्पर्धा होती, पहिले दोघं पुण्याला राज्याच्या स्पर्धेत जाणार होते. ती सांगत होती, माझं नाव काढून टाका. सव्वीस दिवस उरलेत, समोर खेळायला माणूस नाही, आणि इथलं नेट असं की सकाळी मारलेला ठोसा संध्याकाळी लागतो. आता खेळ सोडूनच देते, असंही म्हणाली. आवाज इतका सपाट होता की सूर्यभानजींच्या हातातला चहा निवला.

फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "फक्त माणूसच पाह्यजे न समोर? मी आहो. नाव राहू दे."

पार्बताबाई हसली. रागिणी हसली नाही, पण तिनं पुन्हा फोन लावला आणि नाव राहू दिलं.

आता सुरुवात कुठून करायची, यावर घरात सभा भरली. या खेळाचे सहा भाग. पहिला तीस वर्षांपूर्वीचा, सहावा आत्ताचा, आणि स्पर्धा सहाव्यावर. रागिणी दबक्या आवाजात म्हणाली, सहाव्यापासूनच घ्या मामाजी. श्याम फोनवरून म्हणाला, तिसरा घ्या, कच्च्या हाताला तिसरा सोपा. सूर्यभानजी कुणाचं ऐकतात? पहिलीत नाव न घालता सहावीत कोण बसते, म्हणाले, आणि पहिला भाग लावायला लावला.

आठ दिवस माणसानं दुसरं काही केलं नाही. मळ्यातून आले की पाय धुवायचे आणि कंट्रोलर धरायचा. त्याला ते रिमोट म्हणत, शेवटपर्यंत रिमोटच म्हणाले. पहिल्या भागात समोरचा मारायला आला की मागं उडी घ्यायची, इतकं सोपं. उडीत त्यांचा अंगठा असा तयार झाला की नवव्या दिवशी मोठ्या तोऱ्यात सहाव्या भागाला बसले. तर सहाव्यात ती उडीच नाही! तिथं ढाल धरावी लागते, बटण दाबून. अंगठा आपला सवयीनं उडी मारतोय आणि यांचा गडी जागेवर उभा राहून मार खातोय. अकरा सेकंदांत आडवे. पार्बताबाई म्हणाली, तेलही गेलं, तूपही गेलं. ती बोलली ते खरं होतं. सव्वीसातले आठ दिवस पाण्यात गेले होते आणि ते सुनेचे होते, हे सूर्यभानजींना फार लागलं.

पण हा गडी कपाळाला हात लावून बसणारा नव्हे. पेरणी मोडली, दुबार करू, म्हणाले. आणि ती घरात आल्यापासून पहिल्यांदाच सुनेला सल्ला विचारला, बाई, आता तूच सांग, कुठून धरू?

रागिणीनं सांगितलं, भाग सोडा, एक माणूस धरा. खेळात लढणारे बेचाळीस. अमरावतीला शाकीब येणारच, आणि तो कायम एकच घेतो, काठीवाली म्हातारी. तुम्ही तेवढी म्हातारी शिका, बाकीच्यांकडे पाहूही नका. तिचेही तीनच वार शिका.

बेचाळीसातली एक, ती पण बाई, ती पण म्हातारी! सूर्यभानजींच्या जिवावर आलं. पण घेतली. दिवसभर एकच वार, शंभर वेळा, दोनशे वेळा. पानं खुडून खुडून अंगठ्यात जी नेमकी झटक आली होती, ती इथं कामी आली. पाचव्या दिवशी म्हातारीची काठी बरोबर बसायला लागली. दहाव्या दिवशी त्यांनी रागिणीला लागोपाठ चारदा हरवलं. मग काय विचारता! चौकात पानठेल्यावर उभे राहून माणूस सांगत सुटला की अकोल्याची चॅम्पियन आपल्यापुढं टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई तिथंच बसून तूर निवडत होती. खेळ पाहता पाहता म्हणाली, "तिची बाई शेवटी थांबते काहून?"

सूर्यभानजींनी तेव्हा नीट पाहिलं. पडद्यावर प्रत्येकाच्या नावाखाली हिरवी पट्टी असते, मार बसेल तशी ती कमी होते. त्यांच्या म्हातारीची पट्टी नखाएवढी उरली होती. एक ठोसा आणि खेळ खलास. सूर्यभानजींनी रिमोट बाजेवर ठेवून दिला आणि हाताची घडी घातली. म्हातारी नुसती उभी. रागिणीची लाल रुमालवाली पोरगी दोन पावलं मागं सरकली आणि तीही उभी राहिली. सासरा खोलीत आला की रागिणी उठून भिंतीशी सरकते, अगदी तश्शी.

"मार न," सूर्यभानजी म्हणाले.

"मामाजी, हात नाही उचलत."

"माह्यावर कुठं उचलतं? ते म्हातारी हाये."

"रिमोट त तुमच्याच हातात असते न."

एरवी या उत्तरावर ते खळखळून हसले असते. पण त्यांना एकदम अकोला आठवलं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तिथंही असंच झालं होतं का?"

रागिणीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "एकच ठोसा बाकी होता. तुमी समोर बसले होते. आईनं सांगतलं होतं, पाव्हण्यांसमोर लय जोर दाखवजो नोको."

पार्बताबाईचा हात सुपातच थांबला. सूर्यभानजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या शांतपणाचं आपण तीन वर्षं कौतुक गात फिरलो, तो शांतपणा आपल्याच टोपीनं आणला होता. लाज वाटली, रागही आला, आणि राग सगळा स्वतःचा. कोणी दुसरा असता तर उठून मळ्यात निघून गेला असता. सूर्यभानजींनी रिमोट उचलला.

"मी कुठून सुरू करू, ते तू मले शिकोलं," ते म्हणाले. "आता तू कुठून सुरू करशीन ते मी सांगतो. शेवटच्या ठोशापासून. तेवढाच मारायचा."

आणि तसंच सुरू झालं. म्हातारीची पट्टी नखाएवढी होईपर्यंत खेळायचं, मग सूर्यभानजी रिमोट खाली ठेवून सुनेकडे तोंड करून बसायचे, डोक्यावर टोपी घालून. पहिल्या दिवशी रागिणीनं डोळे मिटून एक ठोसा मारला आणि लगेच स्वयंपाकघरात निघून गेली. सूर्यभानजींनी तिला परत बोलावलं. दुसऱ्या दिवशी सहा. पार्बताबाई आधी पुटपुटली, की ही कसली रीत, मग तीच मोजायला लागली. चौथ्या दिवशी रागिणी सासऱ्याच्या डोळ्यांत पाहून ठोसा मारायला लागली, आणि तेव्हा त्यांनी रिमोट पुन्हा हातात धरला. त्यानंतर ते एकदाही जिंकले नाहीत. पानठेल्यावर कोणी विचारलं तर तेही तितक्याच ऐटीत सांगायचे.

अमरावतीला तिघं एसटीनं गेले. हॉलच्या दाराशी रागिणीनं विचारलं, मामाजी, तुम्ही मागं बसता का?

"मांगं बसलो आन तू जिंकली, त ते अकोल्याचं तसंच राहीन," सूर्यभानजी म्हणाले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

दोघांना गारद करून रागिणी सेमीफायनलला पोचली. समोर शाकीब. जो जिंकेल तो पुण्याला. शाकीबची म्हातारी सूर्यभानजींच्या म्हातारीपेक्षा फार चपळ होती, यात शंका नाही. शेवटच्या डावात दोघांच्या पट्ट्या नखाएवढ्या उरल्या. शाकीबचा वार हुकला, म्हातारी क्षणभर उघडी पडली, आणि रागिणीची नजर पडद्यावरून सुटून पहिल्या रांगेकडे गेली. पार्बताबाईनं डोळे मिटले. सूर्यभानजींनी मान हलवली नाही, खूण केली नाही, नुसते तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्याकडे पाहतच रागिणीनं ठोसा मारला.

हॉलमध्ये एकच गलका झाला. शाकीब उठून आला, दोघांनी हात मिळवले, तो मनापासून काही चांगलं बोलला. मग रागिणी सरळ पहिल्या रांगेकडे आली आणि सासऱ्याच्या पाया पडायला वाकली. सूर्यभानजींनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ती गोंधळून तशीच वाकलेली राहिली. सूर्यभानजी उभे राहिले आणि त्यांनी शाकीबसारखा हात पुढं केला.

रागिणीनं हात पुसला आणि त्यांचा हात हातात घेऊन घट्ट दाबला.