दारात आलेली साहेबी गाडी

ये ग बाई, अशी जवळ सरक. तू मानवतला, मी बोरीत, जवळ सरकणार कशी म्हणशील. पण मी लिहिते ते कानाशी बोलल्यासारखंच वाच. तू घ्यायला निघालीस त्या जुन्या गाडीचे फोटो पाठवलेस, ते पाहिले. पांढरीशुभ्र लांब गाडी, आतून सगळी कातड्याची बैठक. लय छान दिसती. फोटोत कोणती गाडी वाईट दिसती ग? मला त्याचा राग नाही. राग आला तो खाली लिहिलेल्या ओळीचा. "मावशी, तो माणूस बिचारा म्हणला, तुमाला त्रास नको, रविवारी मीच गाडी दारात आणून दाखवतो." आणि तू हो म्हणलीस! एवढी शिकलेली, बँकेत बसणारी पोरगी, आणि एका शब्दानं मला आधी विचारलं नाहीस?

आमच्याही दारात अशीच आली होती. तुला सगळं ठाऊक नाही. यांनी कुणाला सांगू दिलं नाही.

तुझ्या काकांच्या मणक्याचं दुखणं तू पाहिलंस. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत कंबर धरली. दर महिन्याला नांदेडच्या डॉक्टरकडं न्यायचं, आणि डॉक्टरनं बजावलं होतं की धक्का बसता कामा नये. आता आपला रस्ता आणि धक्का नको, कसं जमायचं? एसटीत हे दांडी धरून अर्धे उभे राहायचे. जीपमध्ये घातलं तर परभणी येईस्तोवर ओठ चावून रक्त काढायचे. मी शेजारी बसून नुसती म्हणायची, "आलं हं, आलंच." काय आलं होतं? काही नाही.

हे नोकरीत असताना ऑफिसात मोठे साहेब यायचे, त्यांची गाडी यांच्या मनात बसलेली. एकदा फाइल पोचवायला ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेले होते. "अगं, रस्ता आहे का नाही तेच कळत न्हाई आत," असं किती वर्षं सांगत होते. म्हणून ठरलं, जुनी असू दे, पण तसलीच घ्यायची. मागं आडवं होता आलं पाहिजे. दीर म्हणले, "दादा, लहान घ्या, साधी. बिघडली तर आपला बोरीचा मिस्त्रीबी उघडंल. ह्या साहेबी गाडीचा एक पार्ट हैदराबादहून येतो." यांनी ऐकलं नाही. दुखणाऱ्या माणसाला मऊ जागेशिवाय काही सुचत नाही ग. मीसुद्धा त्यांच्याच बाजूनं बोलले.

तर परभणीत जुन्या गाड्या विकणारा एक गाडीवाला मिळाला. फोनवर इतका गोड, "काका, तुमी कशाला येता असल्या तब्येतीत? मी आणतो." आम्हाला वाटलं, किती माणुसकी.

दुपारी आली. काळी, चकचकीत, आपल्या गल्लीत मावेना. हे काठी टेकत ओट्यावर आले. दीर बॉनेटला हात लावायला गेले नि चटका बसला, कारण ती परभणीहून पळत आलेली. गरम झालेलं इंजिन कसं, पाणी प्यायलेल्या म्हशीसारखं गुमान. सगळे म्हणले, "आवाजच न्हाई की!" आवाज सकाळी येतो, बाई. रातभर थंड पडलेली गाडी पहिल्या किल्लीला काय बोलती, धूर कोणत्या रंगाचा काढती, ते ऐकायचं असतं. ते ऐकायला आपण त्याच्या दारात जावं लागतं, तेही न सांगता, उजाडायला. गाडी दारात येणं म्हणजे तिची सकाळ आपल्याला कधी दिसणारच नाही. हे मला आता कळतं.

आणि दारात आलेलं आपण ओवाळतो. तो तेच जाणून होता का, देव जाणे. आमच्या नणंदबाई, यांच्या थोरल्या बहीण, आतून ताट घेऊनच आल्या. मी म्हणलं, "अक्का, अजून घेतली न्हाई, बघायला आलीय." त्या म्हणल्या, "लक्ष्मी दारात उभी हाय अन् तिला कोरडं ठेवू का?" चारी चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू, नारळ फुटला. गल्लीतल्या बाया जमल्या. एकीनं यांना विचारलं, "आता आमाला वळखताल का न्हाई, साहेब?" आणि हे हसले. किती महिन्यांनी हसले ग. काठी माझ्या हातात दिली, मागच्या बैठकीवर आडवे झाले, डोळे मिटले आणि म्हणले, "हं. असं पायजे."

त्या हसण्यानंतर कोण म्हणणार, थांबा, तपासू?

दीर म्हणले तरी. खरं बोलायला पाहिजे, ते म्हणले. "उद्या परभणीत ह्याच गाड्यांच्या मिस्त्रीला दाखवू, मग ठरवू." नणंदबाई भडकल्या, "ओवाळलेली गाडी दारातून परत धाडतेत का? घरातली सून परत धाडशील का?" गाडीवाला हात जोडून म्हणला, "अक्का माझ्या मनातलं बोलल्या." बाया हसल्या. दीरांनी मान खाली घातली. व्यवहार तिथंच झाला, पुन्हा वर चहा.

आत अत्तराचा वास होता, लय गोड. गाडीवाला म्हणला होता, आधी एका डॉक्टरची होती; मला वाटलं, डॉक्टर शौकीन असंल. पायाखालची चटई कुणी उचलली नाही. उचलली असती तर खालचा कुबट वास आला असता. पुढं मिस्त्रीनं बैठकीच्या खालच्या पट्ट्या दाखवल्या, सगळ्या गंजलेल्या, कोपऱ्यात वाळलेला गाळ. कुठल्या तरी मोठ्या शहरात ही गाडी पुरात बुडून उठलेली. आमच्या जिल्ह्यात प्यायला पाणी नाही, आम्हाला पुराचं कसं सुचावं?

नांदेडची तारीख आली. सकाळी दीरांनी किल्ली फिरवली तर गाडी अंगात आल्यासारखी हलली, खडखड केली, मागून निळा धूर. आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. दीर म्हणले, "गारठा हाय." हे म्हणले, "हो, गारठा हाय." मीही तेच म्हणले.

परभणी अजून लांब होती. आधी एसी गरम वारा सोडायला लागला. मग काच खाली घ्यावी म्हणलं तर काच बटणावर, आणि बटण मेलेलं. एकही काच उतरंना. दीर म्हणले, "तापली असती तर लाल दिवा लागला असता." तो दिवा लागणारच नव्हता. मिस्त्रीनं नंतर सांगितलं, किल्ली अर्धी फिरवली की पुढचे सगळे दिवे एकदा लागून विझायला पाहिजेत. हा एक कधी लागतच नव्हता, कुणी तरी मुद्दाम काढलेला. आम्ही कसं पाहावं? आम्ही नारळ पाहत होतो.

वाफ निघाली आणि गाडी बसली. दीरांनी बॉनेट उघडलं तर आत सगळं काळ्या प्लॅस्टिकनं झाकलेलं, हात घालायला जागा नाही. "ट्रॅक्टर असता तर कायतरी केलं असतं की वयनी," म्हणत ते त्या झाकणाभोवती फिरत राहिले. मागची दारं ना आतून उघडंनात, ना बाहेरून. हे मागं आडवे, घामानं चिंब, मी पुढच्या बैठकीवरून वाकून पदरानं वारा घालायलेय. किती वारा येतो पदराचा? मला म्हणले, "अगं, तू बाहेर हो, तुला चक्कर यील." माझ्या हातून काहीच होत नव्हतं, ना यांना उचलणं, ना गाडी हलवणं, ना त्या बटणाला काही सांगणं.

शेवटी दीरांनी दगडानं काच फोडली. आत हात घालून आतला नि बाहेरचा खटका एकदम ओढला तेव्हा दार उघडलं. सोयाबीनची पोती घेऊन चाललेला टेम्पो थांबला, चार जणांनी यांना उचलून पोत्यांवर ठेवलं. उचलताना हे जे ओरडले, ते मी कधी ऐकलं नव्हतं. टेम्पो बोरीकडं वळवला. नांदेड राहिलं.

गाडीवाल्याला फोन केला. म्हणला, "काकू, मी जबरदस्ती केली का? तुमच्याच दारात, तुमीच ओवाळून घेतली." खरंच होतं. नणंदबाईंना मी काही म्हणले नाही. त्या बिचाऱ्या आता सारख्या देवापाशी बसतात. गाडी दीरांनी ओढून परभणीला नेली. पार्ट मिळंना, मिळाला तर बसंना. पुढं तिचं काय झालं ते मी विचारत नाही.

पण यांचं काय झालं ते सांगते. आता हे रस्त्यावर यायला तयार नाहीत. अँब्युलन्स करू म्हणलं, दीर मोठ्या दवाखान्याचं बोलले, डॉक्टर फोनवर म्हणले आणा. हे भिंतीकडं तोंड करतात. "मला उचलू नका," एवढंच. गोळ्या देते, शेक देते. रोज सकाळी विचारते, जायचं का? रोज नाही म्हणतात. माझ्या हातात एवढं विचारणंच राहिलंय.

तेव्हा तू आजच त्या माणसाला सांग, दारात आणू नको. जावईबापूंना उजाडायला त्याच्याकडं धाड, गाडी थंड असताना. ज्यानं असली गाडी खरंच उघडलेली आहे असा मिस्त्री सोबत असू दे. चटया उचला, सगळ्या काचा खालीवर करा, मागं बसून दारं आतून उघडून बघा, खराब रस्त्यावर न्या. जावईबापू लाजतील. लाजू दे. आणि सगळं होईस्तोवर तुझ्या सासूबाईंना म्हणावं, ताट आतच राहू द्या. हे त्यांना कसं सांगायचं ते तुझं तू बघ, मला जमलं नव्हतं.

आणि ये ग एकदा. तुझ्या काकांना आता कुणाकडं जाता येत नाही, तुझ्या पोराच्या बारशालाही यांचं येणं असंच राहिलं. माणसं आली तर तेवढा वेळ भिंतीकडचं तोंड वळतं. एसटी गावातच थांबती. येत्या आठवड्यात ये, पोराला घेऊन, दुपारच्या जेवणालाच ये. यांच्या खाटेपाशी बस जरा.